खोलीत मी एकलाच व्हतो

नकला करायची खोड मला शाळेपासनं. हेडसर वर्गात यायच्या आधी तेंचा आवाज वर्गात यायचा, आन त्यो मी काढलेला असायचा. त्यापायी लई मार खाल्ला, पण खोड काय सुटली न्हाई. ह्याच खोडीनं मला तीन वर्षं पास करत आणलं, आन ह्याच खोडीनं शेवटच्या पेपराला माझी डिग्री अडकवून ठेवली.

तेलगावच्या रोडला आमच्या गावची दूध डेअरी हाय, तितं मी कामाला. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येतेत. मी माप घेतो, नमुना मशीनला लावतो, मशीन फॅट सांगती, फॅटवर भाव ठरतो, आन मंग भांडण सुरू व्हतं. भांडणात पयला नंबर एका मावशीचा. दोन म्हशी, एक किटली, आन आवाज असा की टँकरचा हॉर्न लाजावा.

"फॅट कावून कमी लागली रं?"

"मशीन सांगतंय मावशी, मी न्हाई."

"तुह्या मशीनला म्हणावं, एकदा माह्या म्हशीसमोर येऊन बोल."

दुसरे आमचे चेरमनसाहेब. खांद्यावर टावेल, पंख्याखाली खुर्ची. तेंची रीत ठरलेली. आधी घसा खाकरायचा, मंग "मी काय म्हणतो" म्हणायचं, आन मंग जे काय म्हणायचं ते दुसऱ्यानं करायचं.

तीन-चार वर्षांमागं तेनी जाहीर केलं, की गावात दूध गार करायचं मोठं सेंटर व्हणार, आन त्याला मॅनेजर लागणार. "मी काय म्हणतो, मॅनेजर शिकलेला पायजे. धंद्याची डिग्री असलेला."

मी बारावी पास. हळूच म्हणलं, "मी काढली त डिग्री?"

"डिग्री त तू रोजच काढतोस बे, दुधाची!" चेरमन हसले, आन बाकीचे तेंच्यापेक्षा मोठ्यानं हसले. दुधात काचंची नळी सोडून पाणी घातलंय का बघतेत ना, त्याला आमच्यात डिग्रीच म्हणतेत. "आन तू पडला नकल्या. तुला खुर्चीवर बसवलं त लोक दूध घालायचं सोडून टाळ्या वाजवतील."

हसलो मी बी. पण ते टाळ्यायचं मनात रुतून बसलं. मी दिसलो की लोकायचे दात आधीच बाहेर येतेत. तवर मला ते लई ग्वाड वाटायचं. त्या दिवशी पयल्यांदा वाटलं, कोणीतरी एकदा आपलं नाव न हसता वाचावं. नाव घातलं मंग. घरबसल्या बीबीए, मोबाईलवर, तीन वर्षं. सेंटरचं बांधकाम बी तीन वर्षंच चाललं, तेवढे ठेकेदाराचे उपकार.

सकाळचा टँकर गेला, भांडी धुतली, की दुधाच्या कूलरच्या मागं पालथ्या कॅनवर बसून मी लेक्चर ऐकायचो. कूलर घूं घूं करायचा आन मोबाईलमधले सर "सो फ्रेंड्स, बेसिकली" करायचे. सर वाईट नव्हते. पण तेंचं बोलणं माह्या एका कानातून आत जायचं आन दुसऱ्या कानातून भाईर बी पडायचं न्हाई, मधीच झोपायचं. घरी बसलो त आई म्हणायची, "तू मोबाईल घेऊन बसलास, तेवढ्यात शेण निघालं असतं." पुस्तकात ह्याच गोष्टीवर आख्खा धडा हाय, एक काम धरलं की दुसरं राहतं, त्या राहिलेल्याची किंमत. आईला त्यो न वाचता पाठ. मला वाचून बी न्हाई. पयल्या परीक्षेला एक विषय गेलाच.

एक दिवस असाच कट्टाळून मी माणसाच्या गरजांचा धडा मावशीच्या आवाजात वाचायला लागलो. "आगुदर पोटाला भाकर. भाकर झाली का डोस्क्यावर पत्रं. पत्रं झाले का चार बायकात बसायला जागा. मंग मान. आन हे समदं झालं, म्हशी धुवून झाल्या, तवा कुटं सोताला काय पायजे ते इचार!" पुस्तकात ह्याला चार पानं लागली व्हती. मावशीच्या तोंडी चार दम. आन असं पक्कं बसलं की परत पुस्तक उघडावं लागलं न्हाई.

तवापासून जमलं. बाजारपेठ, मागणी, गिऱ्हाईक हे समदं मावशीकडं दिलं. मॅनेजमेंट दिलं चेरमनकडं. हाताखालच्या माणसाला काम कसं सोपवावं, हा धडा चेरमनच्या आवाजात असा: "मी काय म्हणतो, मी सांगतो, तू कर. बरोबर झालं त मी केलं, चुकलं त तूच." पुस्तकात नेमकं ह्याच्या उलटं लिवलेलं हाय. काम दिलं की अधिकार बी द्यावा, आन चुकलं त देणाऱ्यानं पुढं व्हावं. म्हणून मी परीक्षेत चेरमनचं वाक्य आठवायचो आन उलटं करून लिहायचो. मार्क हमेशा चांगले पडायचे.

बाकीच्या परीक्षा तालुक्याच्या कॉलेजात, कागदावर झाल्या. शेवटचा पेपर तेवढा घरून, लॅपटॉपवर ठेवला. लॅपटॉप चेरमनचा, डेअरीतला. तेवढं मोठं मन हाय त्या माणसाचं, खोटं कावून बोलू. रविवारची दुपार. आईला म्हशीसंगं रानात धाडलं. खोलीत मी, ज्वारीची कोठी आन बाज. स्क्रीनवर सूचना आली, की खोली दाखवा, खोलीत दुसरं कोणी नको, कॅमेरा आन माईक चालू ठेवा. मी लॅपटॉप गरगर फिरवून कोठी बी दाखवली. माईक कशाला पायजे, हे डोस्क्यात आलं न्हाई.

पेपर झकास गेला. आठवलं न्हाई की मी मावशी व्हायचो, अडलं की चेरमन व्हायचो, उत्तर सापडलं की टायपायचो. तीन तास माह्या खोलीत डेअरी भरली व्हती, आन मला त्याचा पत्ताच न्हाई.

चार दिवसांनी मेल आला. परीक्षेच्या वेळी खोलीत एकापेक्षा जास्त व्यक्तींचे आवाज आढळले, उत्तरपत्रिका राखून ठेवली आहे, अमुक दिवशी सकाळी अकरा वाजता ऑनलाईन सुनावणीला हजर राहावे, समाधानकारक खुलासा न झाल्यास पदवी मिळणार नाही.

मी घाबरत-घाबरत आईला सांगितलं. आई हसली. डेअरीत सांगितलं, डेअरी हसली. "लई भारी रं, आता मेल पाठवणाऱ्याचा आवाज काढ," मावशी म्हणली. नकल्यानं खरं सांगायचं म्हंजे लई अवघड काम. निसता गंभीर चेहरा केला की लोक पुढच्या विनोदाची वाट बघतेत.

घरी रेंज येती-जाती, म्हणून सुनावणीला मी डेअरीच्या हापिसातच बसलो. चेरमन बी आले. "मी काय म्हणतो, मी आपला कडंला बसतो. मला कोण बघतंय?" बसले माह्या मागं, कॅमेऱ्याच्या भाईर.

पडद्यावर एक मॅडम आन एक सर. मॅडमनी इचारलं, "परीक्षेच्या वेळी खोलीत कोण कोण होतं?"

"मी एकलाच व्हतो, मॅडम."

"मग हे ऐका." लॅपटॉपमधून ठसक्यात आवाज आला, "आगुदर पोटाला भाकर!" मॅडम म्हणल्या, "या बाई कोण?"

"मी."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं. आणि हे गृहस्थ?"

घसा खाकरल्याचा आवाज आला. "मी काय म्हणतो, मी सांगतो, तू कर. बरोबर झालं त मी केलं, चुकलं त तूच."

मागं खुर्ची करकरली. मी वळून बघितलं न्हाई. बघायची छातीच झाली न्हाई. आवाज काढून दाखवावा त डिग्री वाचती, पण मागं बसलेला माणूस मला मॅनेजर कशाला करंल? न काढावा त डिग्री जाती, आन डिग्री गेली की मॅनेजरकी आपोआप जाती. पयल्या वाटंला डिग्री तरी हाती राहत व्हती. मी डोळे पडद्यावर ठेवले, घसा खाकरला, आन चेरमनच्या देखत चेरमन झालो. खाकरण्यासकट. लगोलग मावशी झालो, मंग परत चेरमन. दोघांचं भांडण बी लावून दिलं.

मॅडमनी तोंडावर हात धरला. सर काय हसणाऱ्यातले नव्हते. "ठीक आहे. मग हा तिसरा कोण? हळू आवाजात तुम्हाला प्रश्न वाचून दाखवतोय तो?"

मी कान देऊन ऐकलं. पातळ, भेदरलेला, नाकातला आवाज. म्हणलं, "ह्यो कोण हाय ते मला बी ठाऊक न्हाई, सर."

सर लगेच काहीतरी लिहायला लागले. आन मागून चेरमनला राहवलं न्हाई. घसा खाकरून म्हणले, "मी काय म्हणतो, ह्यो तूच हायस की बे! असाच त बोलतोस रोज."

सरांचा पेन थांबला. "एक मिनिट. खोलीत आणखी कोण आहे? हा तर रेकॉर्डिंगमधलाच आवाज आहे!"

मी कपाळाला हात लावला. एवढं जमवत आणलेलं, आन खरा चेरमन नको तवा बोलला. तवर तेंच्या मिशा कॅमेऱ्यात शिरल्या व्हत्या. "नमस्कार. मी चेरमन. ह्या डेअरीचा."

"म्हणजे परीक्षेत उत्तरं तुम्ही सांगत होता?"

"मी? मी त त्या दिवशी बायकोसंगं कपिलधारला गेलतो."

"काही पुरावा? फोटो?"

"धबधब्याखाली मोबाईल कोण नेतंय, साहेब?"

सरांनी मान हलवली. मला वाटलं, गेली. तीन वर्षं पालथ्या कॅनवर बसून काढली, ती ह्या मिशांखाली गेली. पण मॅडम म्हणल्या, "थांबा, यांनाच विचारू. चेअरमनसाहेब, हाताखालच्या माणसाला एखादं काम सोपवलं, तर अधिकार कुणाचा आणि जबाबदारी कुणाची?"

चेरमन सावरून बसले. टावेल नीट केला. एवढ्या वर्षांत तेनला कोणी प्रश्न इचारला नव्हता. "अधिकार माझा. जबाबदारी त्याची. ह्यात इचारण्यासारखं काय हाय?"

"आणि काम चांगलं झालं तर श्रेय?"

"आता ते बी माझंच की."

मॅडमनी समोर माझा पेपर उघडलेला असणार. तेनी एकदा पेपराकडं बघितलं, एकदा चेरमनकडं, आन मान खाली घातली ती वर काढलीच न्हाई. खांदे तेवढे हलत व्हते. शेवटी सरच बोलले, एकदम गंभीर. "यांनी मदत केली असती, तर हा विद्यार्थी नापास झाला असता."

आठ दिवसांनी मेल आला. आक्षेप मागे घेण्यात येत आहे, पुढील परीक्षांच्या वेळी मौन पाळावे. त्याच्या मागं निकाल आला. पास. गुणपत्रिकेवर माझं, बापाचं, आडनाव सगळं नीट छापलेलं. आईनं एकेका अक्षराखाली बोट फिरवत ते वाचलं, आन हसली न्हाई. वाचून झाल्यावर म्हणली, "आता शेण काढ."

गावात मात्र चेरमन सांगत सुटले, "युनिव्हर्सिटीनं माझी बी तोंडी परीक्षा घेतली. मी उत्तरं दिली म्हणून ह्यो सुटला." ते खरंच असल्यामुळं मी बी मान हलवायचो. मावशीला कुणीतरी सांगितलं, की ह्यानं तुझ्या आवाजावर पेपर काढले. ती किटली आपटून म्हणली, "मंग अर्धी पास मी झाले. आजपासून माही फॅट नीट लाव."

सेंटर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी चेरमननी मला हापिसात बोलवलं. दार लोटून घेतलं. "बे, त्या बाईनं मान खाली कावून घातली? माझं उत्तर चुकलं व्हतं का?"

तेंच्याच आवाजात सांगितलं असतं त लई मजा आली असती. जिभेवर आलतं बी. पण मी माह्या त्या पातळ, नाकातल्या आवाजातच सांगितलं. "काम मी करणार, त्याची सही बी मी करणार. आन चुकलं त तुमी पुढं व्हऊन म्हणायचं, ह्याला मी बसवलाय, मी बघतो. पुस्तकात असं हाय."

"असं हाय व्हय," म्हणले. मंग खिशातून सेंटरची चावी काढून टेबलावर ठेवली. घसा खाकरला. "मी काय म्हणतो, हे घे. नीट चालव. आन चुकलं त..."

ते वाक्य एरवी आपोआप पुढं गडगडायचं. त्या दिवशी अडलं.

"चुकलं त सांग मला. बघू."

मी चावी उचलली. दारापाशी गेलो तवा मागून हाक आली. "आन परत माझा आवाज काढलास त..."

"त काय, साहेब?"

"खाकरा जरा कमी घे. मी काय एवढा खाकरत न्हाई."

एवढं म्हणले, आन खाकरले.