खळ्यावरचा बाहेरचा बैल

मी जर्मनीला निघाले तेव्हा हिवरखेडच्या आमच्या शेतात ज्वारीचं खळं चालू होतं, म्हणून बाबा स्टँडवर आले नाहीत. अकोल्याची एसटी शेतावरून गेली तेव्हा खिडकीतून दिसलं: मध्ये रोवलेला तिवडा, त्याला एकाच दोराने बांधलेले चार बैल कणसं तुडवत गोल फिरताहेत, आणि त्यांच्यामागे माझ्या जागी धाकटा भाऊ, प्रकाश. बाबांनी हात हलवला, पण बैल थांबवले नाहीत. घरातून निघताना मी रडले नव्हते. प्रकाशच्या हातातली काठी बघून रडू फुटलं. ती काठी माझी होती.

आदल्या दिवशी बाबा म्हणाले होते, "बाहेरच्या बैलाले जास्त चालाव लागते, पोरी. पण तो दोरातच असते." म्हातारा बैल तिवड्याजवळ बांधतात आणि तरणा बाहेर, कारण बाहेरच्याला मोठा फेरा तेवढ्याच वेळात पुरा करायचा असतो.

जर्मनीत जे शिकायला गेले तेही एक खळंच निघालं. नव्या जन्मलेल्या ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत असते. कणाला कण चिकटून खडे होतात, खड्यांचे ग्रह होतात, आणि ग्रह आपल्या वाटेतली धूळ गिळून तिथं रिकामं रिंगण पाडतो. पहिल्याच सेमिनारमध्ये मी फळ्यावर बाहेरची धूळ जोरात पळवली. सगळे हसले. तिथं आतले कण धावतात, बाहेरचे रेंगाळतात. वऱ्हाडातल्या पोरीशिवाय ही चूक कोण करणार!

त्याच वर्षांत गावाकडे पावसानं पाठ फिरवली. कपाशी हातची गेली, चाऱ्यावाचून बैल विकले, माझ्या वर्गातली निम्मी पोरं पुण्या-सुरतेला पांगली. प्रकाश राहिला. फोनवर काहीही विचारा, बाबांचं उत्तर एकच: "प्रकाशले माईत." विहिरीला पाणी आहे का? प्रकाशले माईत. आईचे गुडघे? तेही प्रकाशलेच माईत. लोकांना वाटायचं, मी सुटले. मी मात्र त्याच्यावर जळत होते, त्याच्या काळज्यांवरसुद्धा, कारण त्या बाबांच्या सोबतीनं करायच्या होत्या. तुमच्यापैकी जे गेलात त्यांना हे कळेल. जे राहिलात ते हसाल. वायूच्या अडथळ्यानं वेग गेलेले कण आत सरकत सरकत ताऱ्यात पडून संपतात. पुढे तिथंच पोरांना हे शिकवताना मला घराला धरून राहिलेला प्रकाश आठवायचा आणि बरं वाटायचं. असं आहे माझं मन.

मागच्या उन्हाळ्यात घरी गेले. मळणीला आता थ्रेशर येतो, खळ्यावर ठिबकच्या नळ्या पडल्यात. लॅपटॉपवर मी तबकडीचा फोटो दाखवला.

"खळंच होय हे," बाबा म्हणाले. "अन दोर?"

"दोर नसते तिथं, बाबा. म्हणून तं दूरचा हळू चालते."

"म्हणूनच तुले घरी याले इतके वर्षं लागते," प्रकाश म्हणाला.

बाबा लॅपटॉप घेऊन शेजाऱ्यांना दाखवायला गेले. तशी प्रकाशनं नळ्यांचं वेटोळं पायानं बाजूला लोटलं. "मी रोज इथंच हाओ, ताई, तं मले कोणी पाह्यत नाही. बाबाच्या तोंडात दिवसभर तूच. फवारणीतही तूच, पेरणीतही तूच."

राग खरा होता. मला वाईट वाटायला हवं होतं, पण तोंडात गुळाचा खडा पडल्यासारखा आनंद झाला. जर्मनीत माझं कौतुक करतात. माझ्यावर जळत कोणी नाही, कारण तिथं मी कुणाची जागा अडवलेली नाही. इथं माझ्या भावाला अजून माझी जागा हवी आहे. म्हणजे ती आहे.