उलट्या उताराचा खटला

भोपाळच्या मिसरोद भागातल्या आमच्या नव्या घरात अंघोळ बाथरूममध्ये व्हायची आणि पाणी हॉलमध्ये यायचं. त्यापायी मी दोन वर्षं ग्राहक आयोगाच्या पायऱ्या झिजवल्या, आणि त्यात ठेकेदारापेक्षा माझीच अब्रू जास्त गेली.

मी एका सरकारी कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. केसभर फरक दिसला तरी माल परत पाठवतो. कारखान्यात माझी दहशत आहे! (घरात नाही. का, ते कळेलच.)

माझ्या बायकोनं, शुभांगीनं, चोवीस वर्षं नेहरू नगरच्या क्वार्टरमध्ये काढली. "एकदा तरी माझ्या भिंतीत माझा खिळा ठोकू द्या," एवढंच तिचं मागणं. म्हणून प्लॉट घेतला. ठेकेदार शोधत होतो, तोच राजोरिया दारात उभा!

"नमस्कार साहेब! जेवण झालं का?"

मराठीत! भोपाळमध्ये! मी विरघळलोच.

"अहो, तुम्ही मराठी?"

"आई नागपूरची!"

शुभांगी चहा घेऊन आली. "नागपुरात कुठल्या?"

"स्टेशनच्या मागच्या."

तो गेल्यावर ती म्हणाली, "स्टेशनच्या मागे अर्धं गाव असतं. आणि तीच चार वाक्यं फिरवून फिरवून बोलत होता. अजून दोघांना विचारा ना."

"अगं, आपला माणूस आहे!" मी म्हणालो.

काम सुरू झालं. दर रविवारी मी तपासणीला जायचो. राजोरिया मला सावलीत खुर्ची द्यायचा, गरम पोहे-जलेबी मागवायचा आणि म्हणायचा, "तुम्ही बसा साहेब!" मी बसायचो. अशा रीतीनं मी घराचा पाया, भिंती आणि स्लॅब हे सगळं खुर्चीतून तपासलं.

घर झालं. राजोरियानं कागद पुढे केले. "सही करा साहेब. आपल्या माणसात वाचायचं काय!" मी चार ठिकाणी सह्या केल्या. मग त्यानं मोबाइल काढला. "कामाबद्दल दोन शब्द बोला. मराठीत, आपल्या भाषेत!" मी कारखान्याचं हेल्मेट घालून (हो, हेल्मेट घालून!) अडीच मिनिटं बोललो.

पुढच्या आठवड्यात नळाला पाणी आलं. शुभांगीनं हौसेनं पहिली बादली ओतली. पाणी क्षणभर थबकलं, जाळीकडे पाठ करून उंबऱ्यावरून हॉलमध्ये आलं, सोफ्याखालून गेलं आणि देवघरासमोर जाऊन थांबलं.

"हे काय?"

"नवी फरशी आहे. बसायला वेळ लागतो," मी म्हणालो. मी! क्वालिटी इन्स्पेक्टर!

फरशी सहा महिने बसत होती. राजोरियाचं मराठी एव्हाना संपलं होतं. "देखते हैं साहब, देखते हैं." पुढे तो फोनही उचलेना. रोज सकाळी ड्यूटीला जाण्याआधी मी वायपर घेऊन हॉलमध्ये उभा. कारखान्यातली मंडळी घर बघायला यायचं म्हणत, तर मी फोनवर ठोकून दिलं, "शुभांगीची तब्येत बरी नसते हो!" मागे वळलो तर ती दारात. हातात खिळा आणि हातोडी. तिनं दोन्ही वस्तू कपाटावर ठेवल्या आणि पोछा घेऊन खाली बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. त्याच दिवशी मी अरेरा कॉलोनीत मिश्रा मॅडम नावाच्या वकिलीणबाईंकडे गेलो.

तक्रार दाखल झाली. राजोरियाचं लेखी उत्तर आलं : "परिवादी आवश्यकता से अधिक पानी से नहाते हैं." परिवादी म्हणजे तक्रारदार, म्हणजे मी!

आयोगाच्या व्हरांड्यात आमच्या शेजारी दोन गृहस्थ बसले होते, एक बॅनर्जी आणि एक नायर. दोघांचाही प्रतिवादी राजोरियाच!

"हमको बांग्ला में बोला, माँ कोलकाता की है," बॅनर्जी म्हणाले.

"मुझे बोला, पालघाट की," नायर म्हणाले.

शुभांगी माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरच्या सूचना वाचू लागलो.

आत गेल्यावर राजोरियाच्या वकिलानं मोबाइल पुढे केला. "मैडम, परिवादी ने खुद तारीफ़ की है. देखिए." पडद्यावर मी! हेल्मेटसकट! अडीच मिनिटं खोलीत माझाच आवाज घुमत होता आणि मला टेबलाखाली शिरावंसं वाटत होतं.

अध्यक्ष मॅडमनी विचारलं, "ये कह क्या रहे हैं?"

वकिलानं राजोरियाकडे पाहिलं. "आपको तो मराठी आती है, बताइए."

राजोरिया चाचरला. "वो... जेवण झालं का, ऐसा कुछ..."

"रहने दीजिए. परिवादी खुद बताएँ. सच-सच," अध्यक्ष मॅडम म्हणाल्या.

एक क्षण मनात आलं, काहीतरी वेगळंच सांगावं. कुणाला कळणार होतं? पण मागच्या बाकावर शुभांगी होती. मी मान खाली घालून भाषांतर केलं. "मैं तीस साल से क्वालिटी में हूँ. मेरी नज़र से कुछ नहीं छूटता."

शुभांगीच्या शेजारी बसलेले बॅनर्जी खोकले.

"आगे?"

"मैंने... ज़िंदगी में ऐसा काम कहीं नहीं देखा."

मॅडमनी चष्मा काढला. "वकील साहब, ये तारीफ़ है या शिकायत?"

सगळी खोली हसली. शुभांगीसुद्धा! आठ महिन्यांनी तिला हसताना पाहिलं, तेही माझ्यावर. तरी मला बरंच वाटलं.

मग आयोगानं एक इंजिनिअर पाठवला. त्यानं बादली ओतली आणि पाण्यापाठोपाठ हॉलमध्ये येऊन दोनच ओळींचा अहवाल लिहिला. वर्षभरानं निकाल लागला : राजोरियानं बाथरूम उखडून उतार नीट करून द्यावा, शिवाय भरपाई द्यावी. त्यानं केलंही. गवंडी कामाला लागले तेव्हा खुर्ची शुभांगीनं घेतली, पण ती थेट बाथरूमच्या दारात मांडली आणि दर दोन तासांनी स्वतः बादली ओतून बघितली.

निकालाची प्रत आठ पानांची होती. पाचव्या पानावर लिहिलं होतं : "परिवादी यद्यपि शिक्षित प्रतीत होता है, तथापि उसने कोई भी कागज़ पढ़ने का कष्ट नहीं किया."

शुभांगीनं ते वाक्य दोनदा मोठ्यानं वाचलं. मिश्रा मॅडमनी विचारलं, "सर, फ़ैसले में किसी बात पर आपत्ति हो, तो अपील का समय है अभी."

मी 'शिक्षित प्रतीत होता है'कडे पाहिलं. शुभांगीनं माझ्याकडे पाहिलं.

"नहीं मैडम," मी म्हणालो, "थोड़ा बढ़ा-चढ़ाकर लिखा है, पर चलेगा."