सुंदरबाईनं आखाजीला शिवी दिली नाही

सुंदरबाईनं पलीकडच्या गावाकडून सोन्याची नथ घेतली आणि ऐन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तोंड आवरलं, अशी कुजबुज त्या वर्षी पार चोपड्याच्या बाजारापर्यंत पोचली होती. नथीत मोती किती, यावर मात्र एकमत नव्हतं. जिनं ती डोळ्यांनी पाहिली म्हणून शपथ घेतली, तिला कोपऱ्यात घेऊन विचारलं तर ती म्हणे, "मी नही देखी व बहीण, पन जिनी देखी तिनीच माले सांगं."

साल अडुसष्ट-एकोणसत्तरचं. सातपुड्याच्या पायथ्याशी एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं. नावं कशाला सांगा, नातवंडांच्या सोयरिकी अजून व्हायच्या आहेत. एकाला अलीकडचं म्हणू, दुसऱ्याला पलीकडचं. वर्षभर ही गावं एकमेकांत लेकी देत, बैल उसने नेत, एकमेकांच्या मयतीला रडायला जात. फक्त आखाजीच्या संध्याकाळी, गौराई नदीत बोळवून झाली की, दोन्हीकडच्या बाया आपापल्या काठावर उभ्या राहत आणि एकमेकींचा उद्धार करत. सुरुवात गाण्यातून, मग गाणं आटून नुसत्या शिव्या, आणि दिवस मावळता मावळता एखाददुसरं ढेकूळ. जो काठ आधी गप्प झाला तो हरला, हा नेम. पुरुष मागे निंबाखाली पत्ते घेऊन बसत आणि एकही पान न टाकता सगळं ऐकत.

अलीकडचं गाव हरत नसे, कारण अलीकडे सुंदरबाई होती. वना सुकदेवची बायको. तिची शिवी म्हणजे उगाच तोंडाची वाफ नव्हे. तीत समोरच्याचं घर, शेत, व्याही, म्हैस, सगळं नावानिशी येई. एकदा तिनं दारावरच्या कासाराला असं सोललं, की तो गरीब घाबरून हातातल्या बांगड्या स्वतःच्याच मनगटात भरून बसला.

या जिभेचा जाच सगळ्यात जास्त कोणाला असेल तर तो खुद्द तिला. उठल्याबरोबर धुरावर, धूर संपला की चुलीवर, चूल पेटली की नवऱ्यावर. रात्री पाठ टेकली की उद्या कोणाला काय ऐकवायचं ते डोक्यात घुमत राही. जेवण पोटात जाई, पण चव लागत नसे. जीभ दुसऱ्या कामात गुंतलेली!

श्रावणात मारुतीच्या पारावर पोथी लागली. वाचायला शालिग्रामबुवा, आवाज फुटक्या नगाऱ्यासारखा. पाराला लागून सुंदरबाईचा गोठा. पोथी ऐकून म्हैस पान्हा चोरते, अशी तिची तक्रार. पदर खोचून ती गेली आणि बुवांच्या घराण्याचं कीर्तनच लावलं. बुवांनी ओळीवर बोट ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"झालं का, अक्का?"

"कोठे व्हयनं? दम खाई ऱ्हायनी मी."

"काय आवाज आहे! आमचे बहिरे नाना आज प्रथमच पोथीत जागे झाले. उद्यापासून ध्रुपद तुम्ही धरा. आणि एक करा. कोणाला बोलायचं असलं की आधी मनात म्हणा, 'याच्यात देव आहे.' मग खुशाल बोला. मी अडवत नाही."

कौतुकाची सवय नसलेलं माणूस कौतुकात पटकन अडकतं. सुंदरबाई ध्रुपद धरू लागली, आणि ती देवाची अटही.

म्हशीत देव दिसायला वेळ लागला नाही. म्हैस तशीही देवासारखीच, समोर ठेवाल ते खाते आणि बोलत काही नाही. कावळ्यात दिसला. हंड्यावरून भांडणाऱ्या जावेत दिवाळीच्या सुमारास दिसला. अवघड गेला तो वना. ओसरीवर चिखलाचे पाय पसरून तो बिडी ओढत होता आणि ही उंबऱ्यात उभी राहून एकटक बघत होती.

"काय देखी ऱ्हायनी?" वना दचकला.

"आजून दिखत नही," ती म्हणाली. "तुम्ही बसा तसाच."

पण खरी गंमत पुढेच. शिवी ओठाशी येई, देवाच्या नावाला ठेच लागून थांबे, आणि तोवर राग कंटाळून घरी गेलेला असे. मग हातात नुसता रिकामा वेळ उरे. त्या वेळात तिला काय काय दिसू लागलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तव्यावर फुगते ती झोपेतल्या लेकरासारखी गाल फुगवते. वांग्याचं भरीत करताना हिरव्या मिरचीचा ठसका बसतो, तोही बरा लागतो. ती एकटीच हसू लागली. रात्री घोरू लागली.

वनाची मात्र पंचाईत झाली. तो बुवांकडे गेला.

"बुवा, घर सुनं लागस. माले कोनी काही बोलतच नही. मी मरी गऊ का काय, असं वाटस!"

बुवांनी मधला मार्ग काढून दिला. दर एकादशीला वनाला एक शिवी, तीही देव समजून. वना एकादशीची वाट बघू लागला.

आखाजी जवळ आली तसे पोलीस पाटील तोतारामआबा घरी आले. "सुंदर, गावाची अब्रू तुझ्या जिभेवर आहे, बाई."

"आबा, आते माले शिवी देवानी नही."

"एक दिवस तो नियम खुंटीला टांग की!"

बुवांना विचारलं, तर बुवाही शेवटी अलीकडचेच. इकडेतिकडे बघत म्हणाले, "तसा... देव समजून घेईल म्हणा."

सुंदरबाईला रात्रभर झोप लागली नाही. कित्येक महिन्यांनी. तिला पक्कं ठाऊक होतं, एका शिवीनं तिचं भागणार नाही. दाव्यातून एक ढोर सुटलं की गोठाच रिकामा होतो. मग पुन्हा तोच धूर, तीच चूल आणि बिनचवीची भाकरी. आणि नाही दिली, तर गाव कायमचं तोंड फिरवणार.

संध्याकाळी दोन्ही काठ भरले. पलीकडून प्रमिलाबाई पुढे आली, त्यांची म्होरकी.

"अलीकडनी वाघीन कोठे शे व? दात पडनात का?"

अलीकडच्या बायांनी सुंदरबाईला पुढे ढकललं. तोंडात शिवी तयार, तीही चांगली मुरलेली. पण सवयीनं मनात ते वाक्य आलंच. मग तिला आठवलं, प्रमिलाची सासू थंडीत आजारी होती म्हणे. तिनं दोन्ही हात वर केले आणि खणखणीत ओरडली, "प्रमिला, तुनी सासू शंभर वरीस जगो!"

अलीकडे असा हशा फुटला की निंबाखालचे पत्ते उडाले. ती सासू एकदाची जावी म्हणून प्रमिलाबाईनं किती नवस केले होते, हे दोन्ही गावांना ठाऊक होतं. तेवढ्यात गर्दीतून काठी टेकत सासूच पुढे आली.

"कोन व ती गुनी बाई? देख, प्रमिला! पराया गावनी बाई, पन तुनाथून कधी असं बोलायनं नही!"

"मी तुम्हनं करस ते दिखत नही का?"

झालं, सासू-सुनेची जुंपली. सुंदरबाई घाबरून आणखी आशीर्वाद देऊ लागली. "तुना जावाई तुना घर सुखमा ऱ्हावो!" दिवाळसणाला येऊन मुक्काम ठोकलेला तो जावई मागेच उभा होता, त्यानं खूश होऊन लांबूनच हात जोडले. त्यावर त्याचे मेहुणे भडकले. पलीकडचा अख्खा काठ आपापसातच ओरडू लागला.

सुंदरबाईपाशी आणखी आशीर्वाद नव्हते. ती गप्प झाली. पलीकडचे अजून ओरडतच होते. नेमाप्रमाणे अलीकडचं गाव हरलं.

बाया वाटेत तिच्याशी बोलल्या नाहीत. तोतारामआबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. सुंदरबाईनं घरी येऊन आमरसाची वाटी दोनदा पुसून खाल्ली आणि आडवी होताच घोरू लागली. पुढे पाणवठ्यावर कोणीतरी टोमणा मारला, "नथ कशी शे व?"

"हलकी शे," ती म्हणाली. "नाकले समजतच नही."

त्या बोलण्यानं कुजबुजीला पाय फुटले. नथीबद्दल खरं एवढंच: सुंदरबाईला कोणी नथ दिली नव्हती. तिला शिव्या द्यायच्या नव्हत्या, म्हणून तिनं दिल्या नाहीत.