नाव न घेता केलेल्या प्रार्थना

पन्नाशीत मी फार सुंदर होते. ही गोष्ट गावात फक्त मला ठाऊक होती, पण अशा कामाला एक माणूस पुरतो.

आता नातवंडं माझं जुनं रेकॉर्डिंग मोबाईलवर मध्येच थांबवतात आणि लोळून हसतात. मीही हसते, त्यांच्यापेक्षा जोरात. पेन्सिलीने काढलेल्या दोन भुवया, त्यातली एक कायम आश्चर्यात. जांभळट लिपस्टिक. आणि चेहऱ्यावर असा भाव, की पवित्र आत्मा बसायला जागा शोधतोय आणि ही बाई पदराने खुर्ची पुसून देतेय.

आमच्या चर्चचं स्वतःचं चॅनेल होतं. म्हणजे केबलवाल्याने सिनेमाचं चॅनेल आणि तेल-तावीज विकणारं चॅनेल यांच्या मधला एक रिकामा नंबर चर्चला दिला होता. रेवदंड्याच्या खाडीच्या दोन्ही बाजूंना ते दिसायचं. स्टुडिओ म्हणजे वेदीमागची खोली, जिथे एरवी नाताळच्या गोठ्यातले पुतळे ठेवत. मागे निळी चादर, वर ट्यूबलाइट. आवाज येतो म्हणून रेकॉर्डिंगला पंखा बंद. शेजारी कान तुटलेलं गाढव असायचं, ते कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून मला जरा उजवीकडे सरकवत. रविवारची मिस्सा, सणाची मिरवणूक, कुणाची मयत, असं सगळं दाखवायचो. आणि रोज संध्याकाळी रोजरीच्या माळेनंतर माझा कार्यक्रम: प्रार्थनेच्या विनंत्या.

लोक चॅनेलच्या मोबाईलवर विनंत्या पाठवत. केबलवाला त्या कागदावर उतरवून माझ्या हातात देई आणि मी वाचत असे. नियम एकच होता. नाव घ्यायचं नाही. आमचे म्हातारे फादर म्हणत, "देवाला नावं ठाऊक असतात." गावालाही असत, हे त्या साध्या माणसाच्या लक्षात आलं नाही.

"खाडीकडच्या एका घरातल्या नव्या सुनेला मासे साफ करण्याची बुद्धी लाभावी," मी सोमवारी वाचायचे. मंगळवारी यायचं, "खाडीकडच्याच एका घरातल्या वयस्क भगिनीची जीभ परमेश्वराने आवरावी." दोन्ही मी सारख्याच मायेने वाचायचे, शेवटी डोळे मिटून. ज्यांना समोरासमोर भांडायची हिंमत नव्हती ते सगळे देवामार्फत भांडत. फादरांना वाटे, गावात भक्ती वाढली. बिशपांना त्यांनी तसं कळवलंही.

खाऱ्या वाऱ्याने आमचा कॅमेरा खाल्ला. पिना गंजल्या, चित्रात मी ताकात पडल्यासारखी दिसू लागले. तेवढ्यात केबल डिजिटल झाली, म्हातारे फादर बदलून गेले, तरुण फादर आले. आखातातल्या एका कुटुंबाने एचडी कॅमेरा भेट दिला, मग दुसरा आला, दिवे आले, खोलीला एसी बसला. गाढवाला पडवीत काढलं. आणि नव्या फादरांनी मिस्सेनंतर जाहीर केलं, "नव्या सेटअपवर कोण बसेल ते टेस्ट घेऊन ठरवू."

कोण बसेल? मला हसू आलं. गायनमंडळातली एक मुलगी बी.एड. करत होती, तिचं नाव पुढे आलं होतं. बिचारी. मी तिच्यासाठी मनातल्या मनात प्रार्थनाही केली.

मग विनंत्या बदलल्या.

"एका भगिनीला कधी थांबावं हे कळावं." मी उसासा टाकला आणि पदरचं एक वाक्य जोडलं, "अशा भगिनींसाठी आपण सगळ्यांनीच प्रार्थना करू या."

"आरशावर फार विश्वास ठेवणाऱ्या एका भगिनीसाठी." मला डॉक्टरांची बायको आठवली. गर्विष्ठ मेली. मी दोनदा वाचलं.

"जिच्या लिपस्टिकमुळे घराघरांत रोजरीत लक्ष लागत नाही, अशा एका भगिनीला साधेपणाचं दान मिळावं." मी मान हलवली, हळहळले, आणि जांभळट ओठांनी "आमेन" म्हटलं.

त्या दिवसांत कॅमेरा फार हलायचा. मला वाटे, कॅमेरा धरणाऱ्या केबलवाल्याला गहिवर येतोय. आपल्या धर्माचा नसून किती भाविक! एकदा मी त्याला म्हटलंही, "अरे, रडू नकोस. देव ऐकतो."

"व्हय बाई," तो तोंडाला रुमाल लावून म्हणाला, "देव ऐकतंय. समदा गाव ऐकतंय."

माझ्या सासूबाई तेव्हा कंबर मोडून पलंगावर होत्या. पलंगाच्या पायथ्याशी टीव्ही. जीभ मात्र धडधाकट. एका संध्याकाळी मी घरी आले तर त्या उशीला टेकून, तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

"लिपस्टिक पुसलीस नाय ती गे?"

"का पुसू?"

"गाव प्रार्थना करतोय, तर म्हटलं पुसली असशील."

मी तिथेच खुर्चीत बसले. "ती माझ्यासाठी होती?"

"नाय, पोपसाहेबांच्या आईसाठी होती."

"आणि आरशाची?"

"तुझी."

"थांबण्याची?"

"ती पण तुझी. त्यावर तू आणि चार शब्द स्वतःचे घातलेस. मी हसता हसता गादी ओली केली, तुझ्या नवऱ्याला विचार."

आमचे हे कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र थरथरत होतं.

"कोण पाठवतं?" मी विचारलं.

"कोण नाय पाठवत? दोन तर मीच पाठवल्या."

"तुम्हाला तर लिहिता येत नाही!"

"बोलून पाठवता येतं आता. केबलवाला टीव्हीचा नवा डबा जोडायला आला ना, त्यानं शिकवलं. किती गोड हाय तो."

दुसरी कुणी असती तर तिथेच राजीनामा देती. मी अलिबागला जाऊन फिकट लिपस्टिक आणली. टेस्टला जायचं, आणि असं वाचायचं की गावाने माझ्या पाया पडावं, असा माझा बेत होता.

टेस्ट चर्चच्या हॉलमध्ये झाली, मोठा टीव्ही लावून, सगळ्या गावासमोर. मुलगी आधी बसली. तीनदा अडखळली, एकदा खुदकन हसली. पण नव्या कॅमेऱ्यात ती धुतलेल्या ताटासारखी दिसत होती. मग मी बसले. उतारा अख्खा पाठ केला होता. एक शब्द चुकला नाही. वाचून झाल्यावर मी डोळे उघडले तेव्हा हॉलमध्ये एवढी शांतता होती की मला वाटलं, जिंकले.

मग मी टीव्हीकडे पाहिलं. केबलवाल्याने माझा चेहरा जवळ घेऊन तिथेच थांबवला होता. ताकातून बाहेर काढून मला पहिल्यांदाच कुणीतरी दाखवत होतं. सुरकुत्यांत पावडर बसली होती, भात लावायच्या आधीच्या वावरासारखी. आणि वरच्या ओठावर, फिकट लिपस्टिकच्या वर, मिशी होती. लव नव्हे. मिशी.

"आमच्या दादल्याला एवढी न्हाय फुटली," मागून एक बाई म्हणाली. मग हॉल फुटला.

फादर जवळ आले. "बाई, तुमचा अनुभव मोठा आहे," ते फार प्रेमाने म्हणाले. "तुम्ही मिक्सरवर बसा. कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र बाहेर जाईल, ते तुम्ही ठरवायचं."

नव्या सेटअपला आशीर्वाद दिला त्या रविवारी मी पडद्यामागे कानाला हेडफोन लावून बसले. चर्चमध्ये दोन्ही बाजूंना मोठे टीव्ही होते. मुलगी विनंत्या वाचत होती. शेवटची आली, "एका भगिनीबद्दल आम्ही केलेली प्रार्थना ऐकल्याबद्दल परमेश्वराचे आभार."

सगळं चर्च गालात हसलं. मी हेडफोनवरून केबलवाल्याच्या कानात म्हटलं, "बायकांच्या बाकावर जा. एकेकीला जवळ घे."

"बाई, राहू द्या ना."

"घे."

मी बटण दाबलं. पहिल्या बाकावरची हसत होती, वरचा दात नव्हता. दुसरीच्या हनुवटीवरच्या तिळातून केस निघाला होता. तिसरी हसता हसता नाक पुसत होती, बोटाने. एकेकीचं टीव्हीकडे लक्ष जाई आणि तोंड मिटे. बाक संपेपर्यंत मिस्सा मयतीसारखी शांत झाली. फादरांनी नंतर मला काही विचारलं नाही. तेही एकदा येऊन गेले होते स्क्रीनवर, जांभई देताना.

वर्षभरात ती मुलगी लग्न होऊन वसईला गेली. खुर्ची रिकामी झाली. मी काय केलं असेल? रोहा गाठलं आणि एका पार्लरवालीकडून दोऱ्याने ओठ सोलून घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, पण परमेश्वरासाठी सोसलं.

फादर आमच्या घरी आले. मी पदर सारखा केला, चहा ठेवला. ते माझ्या हातचा कप घेऊन सरळ आत गेले आणि सासूबाईंच्या पलंगाशी बसले.

"आजी, आजाऱ्यांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करावी असं माझ्या मनात आहे. वायर खिडकीतून घेता येईल. तुम्ही कराल?"

"मला वाचता येत नाय, फादर."

"सूनबाई कानात सांगतील. तुम्ही फक्त म्हणायचं."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं, की ते पाहणं मी अजून विसरले नाही.

"सांगशील काय गे?"

पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याने त्यांना जवळ घेतलं. तोंडात दात नाही, गालांची जाळी, डोळ्यात मोतीबिंदू. एक सुरकुती सुटली नाही. आणि मोबाईल वाजायचा थांबेना. "किती सुंदर दिसतात आजी!" "चेहऱ्यावर काय तेज आहे!" हे सगळे निरोप मीच त्यांना वाचून दाखवत होते, माझ्या सोललेल्या ओठांनी.

खुर्ची गेली ती अशी माझ्याच घरात, पलंगावर. मिक्सर स्वयंपाकघराच्या ओट्यावर आला. मी एका कानाने फोडणी ऐके, दुसऱ्याने सासूबाईंना विनंत्या सांगे. त्या निम्म्या गाळत आणि स्वतःच्या घालत. जाईपर्यंत त्यांनी एक संध्याकाळ सोडली नाही. शेवटच्या आठवड्यात आवाज अगदी खोल गेला होता. सगळ्या विनंत्या झाल्या, तरी त्यांनी हात जोडलेलेच ठेवले.

"आणि एका सुनेसाठी," त्या म्हणाल्या. हे मी सांगितलेलं नव्हतं. "माझं सगळं हिनंच काढलं. गू-मूत काढलं. देवा, तिला चांगलं मरण दे." मग त्यांनी कॅमेऱ्यात पाहिलं. "पण लगेच दे. एकटीला मला तिथं कंटाळा येईल."

केबलवाला दारात उभा होता. त्याने कॅमेऱ्यामागून डोकं काढलं. "कट करू काय, बाई?"

"नको," मी म्हटलं. "जवळ घे."