गोधडीखालचा आकडा

अंगठा हा माणसाचा असतो, घराण्याचा नव्हे! सही घेण्याआधी कागद वाचून दाखवा! असं पत्रक मी परभणीत कॉलेजात असताना लिहिलं होतं. उद्गारचिन्हांची मी कधी कंजुषी केली नाही. त्या पत्रकामुळेच मला ही नोकरी मिळाली, असा माझा समज होता. खरं म्हणजे संस्थेला खेड्यांत स्कूटी चालवणारी मुलगी हवी होती.

काम असं, की जे आजारी आता बरे होणार नाहीत, त्यांचं दुखणं घरच्या घरी कमी करता येतं का, याचा अभ्यास. संमतीपत्र वाचायचं, सही घ्यायची, दुखणं शून्य ते दहात किती ते विचारून चौकटीत आकडा भरायचा. सही झालेल्या घरी दर आठवड्याला नर्स गोळ्या घेऊन जायची. संमतीपत्रात ठळक छापलं होतं: सहभाग नाकारल्यास आपल्या उपचारांवर कोणताही परिणाम होणार नाही. वाक्य अगदी खरं. जे सुरूच होणार नाही, त्याच्यावर परिणाम कसला?

बोरी गावातल्या एका घरी मुलगा दारातच आडवा आला. आईच्या पोटात कॅन्सर, दवाखान्यानं घरी पाठवलेलं.

"ताई, आईला आतड्याची सूज म्हणून सांगितलंय. तो शब्द काढायचा न्हाई. तिचा अंगठा मी लावून आणतो, तुमी चहा घ्या."

आणि संमतीपत्राचं पहिलंच वाक्य होतं: मला माझ्या आजाराची पूर्ण कल्पना आहे.

मी परभणीला साहेबांना फोन लावला. "अगं, अंगठा घे अन् पुढच्या घरी जा. आज चार घरं व्हायची आहेत."

मी अंगठा घेतला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. आत मावशी, म्हणजे त्याची आई, बाजेवर पडलेल्या, भोवती सून, जावा, शेजारीण. आजाऱ्याला कुणी भेटायला आलं, की सगळ्या गल्लीनं येऊन बसायचं ही आमच्याकडची रीत. आमच्या नियमात मात्र 'मुलाखत एकांतात'. जाता जाता मी विचारलं, दुखतंय किती? त्यांनी आधी मुलाकडं बघितलं, मग म्हणाल्या, "दोन." खालचा ओठ दातांत धरलेला. मी कोरा कागद घेऊन ताठ मानेनं निघाले. माझं तत्त्व शाबूत राहिलं. नर्सची गाडी दोन आठवडे त्या घरावरून सरळ पुढं गेली.

मग शेजारणीनं मला रस्त्यात गाठलं. "म्हातारी बोलवायलीय. बाजारच्या दिवशी ये, घरात कुणी नसतंय."

गेले. "ये, पुढारीनबाई," मावशी म्हणाल्या. "कागद कोरा ठिवलास अन् मला तळमळत ठिवलंस. लय मोठी तू."

मी तत्त्व सांगायला तोंड उघडलं.

"ऱ्हाऊ दे. वाच त्यो कागद. समदा. त्यो शब्द बी."

मी वाचायला लागले. त्या शब्दावरून मीच खालच्या ओळीवर उडी मारली.

"अगं वाच. दवाखान्याच्या पायरीवर पोरगं रडायलं, तवाच कळलं मला. आतड्याच्या सुजेला कोण रडतंय? पर मला कळलंय, ते त्याला कळू द्यायचं न्हाई. लय जपून ठिवलंय त्यानं."

"मग दोन का म्हणालात?"

"नऊ म्हनलं की लगेच गाडी करून शहरात नेतोय, पुन्हा नळ्या घालायला. मला हितंच ऱ्हायचंय."

अंगठा झाला. साक्षीदार म्हणून शेजारणीनं सही केली, चौथी शिकलेली, अक्षर माझ्यापेक्षा रेखीव. साक्षीदार शक्यतो कुटुंबातील असावा, असं खाली बारीक छापलं होतं. मी ते वाचून न वाचल्यासारखं केलं. मुलाला सांगितलं, कागद झाला, तुमच्यासमोर तो शब्द निघणार नाही. यात खोटं काहीच नव्हतं.

नर्स यायला लागली. माझ्या भेटीला गल्ली नेहमीसारखी भोवती बसायची. मी बाजेला टेकून, हात गोधडीत सारून विचारायचे, "मावशी, किती?"

"दोन," त्या मुलाला ऐकू जाईल असं म्हणायच्या, आणि गोधडीखाली माझ्या मनगटावर बोट टेकवत जायच्या. सात वेळा. पुढच्या खेपेला पाच. मी बोटाचा आकडा भरायचे. 'मुलाखत एकांतात झाली का' याच्यापुढं 'होय' अशी खूण करायचे. गोधडीखाली होता की एकांत. गुप्तता हे दडपणाऱ्यांचं हत्यार आहे, असंही मी एका पत्रकात लिहून ठेवलेलं आहे.

शेवटच्या भेटीत त्या म्हणाल्या, "दोन." मनगटावर बोट दोनदा टेकलं. मी थांबून राहिले. तिसऱ्यांदा टेकलंच नाही.

"लिव की," मावशी म्हणाल्या. "बघत काय बसलीस?"

दहाव्याला गेले, तर मुलगा जवळ येऊन बसला. "ताई, शेवटपर्यंत आईला काही कळू दिलं न्हाई आमी."

शेजारीण तिथंच तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"हो," मी म्हणाले. "लय सांभाळलंत तुमी."