पाय धुण्याची यादी

पवित्र गुरुवारी आमच्या तलासरीच्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे धुतले, तसे. त्या बारा जणांची यादी कित्येक वर्षं मीच करत आले. निवृत्त शिक्षिकेला याद्या करायला फार आवडतं. दोन शिक्षक, कंपनीतले सुपरवायझर, बँकेतला कारकून, असे माझे बारा ठरलेले. सगळे घरूनच साबणाने पाय धुऊन, नवे मोजे घालून येत. धुतलेले पाय पुन्हा धुवायचे, यात कुणाला काही खटकत नसे. मलाही नाही.

मागे, चपलांच्या ढिगाजवळ, वेवजीकडच्या पाड्यावरचा एक म्हातारा बसायचा. सारा जन्म दुसऱ्यांच्या चिकूच्या वाड्यांत राबण्यात गेलेला. पाय अनवाणी, टाचांच्या भेगांत माती बसलेली. एखाद्या रविवारी तो आला नाही, असं मला आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, त्याची बायको माझ्या घरी आली. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "बाई, एकदा त्याचं नाव घ्या ना. लई वर्षं नुसता बघतो. आता खोकला पण सुटत नाही त्याचा."

आदल्याच रविवारी, श्रीमंताला पुढे आणि गरिबाला मागे बसवू नका, हे बायबलमधलं वाचन मी खणखणीत आवाजात केलं होतं. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? नाव लिहिलं. पण माझी जीभ गप्प बसेल तर ना! ती निघाली तेव्हा बजावलंच, "पाय तेवढे नीट घासून यायला सांग. फोटो काढतात."

गुरुवारी संध्याकाळी तो पुढे येऊन बाराव्या खुर्चीवर बसला. मी टॉवेल घेऊन शेजारी उभी होते. फादर गुडघ्यांवर बसले, त्यांनी पाणी ओतलं, तसा तो कळवळला. परातीतलं पाणी लाल झालं. दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या.

"काय झालं, बाबा?" फादरनी हळूच विचारलं.

"विटेनं घासले. तीन दिवस घासतोय, माती निघतच नव्हती." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "आता चालतील ना, बाई?"

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

फादरनी टॉवेलसाठी हात पुढे केला. मी दिला नाही. खाली बसले आणि त्याची टाच हातात घेतली. तो घाईघाईने पाय मागे ओढू लागला.

"नको बाई, टॉवेल खराब होईल."

तो टॉवेल मीच आदल्या दिवशी इस्त्री करून ठेवला होता, फोटोत चांगला दिसावा म्हणून. मी तो त्याच्या टाचेवर तसाच दाबून धरला.