पाण्यातल्या गावाला रामराम

आमदारसाहेबांची जीप मी चालवायचो. चौथीत शाळा सुटली आणि खानदेशातून मुळशीत आलो. त्यांच्याशिवाय इथं माझं कोणी नव्हतं. दर निवडणुकीला प्रचाराचा नारळ फोडण्याआधी साहेब धरणाकाठी चपला काढत. पाण्याखाली गेलेल्या आपल्या गावातल्या घराघराला, झोपेत बोलावं तसं, नाव घेऊन रामराम घालत. धुक्यात मलाही घरं दिसत.

तीनदा निवडून आलेले साहेब चौथ्यांदा पडले. पडलेल्या माणसाला ड्रायव्हर कशाला लागतो, या धास्तीत मी निकालानंतर साहेबांना जीपमधून घरी घेऊन निघालो होतो. धरणापाशी ते म्हणाले, "थांबव हितं." आणि तसाच रामराम घातला.

"साहेब, मतदान तर झालं."

"खुळ्या, हितनं मला कधी मत मिळालंय व्हय?" चपला घालत ते हसले. "सकाळी जीप काढ. ज्यांनी पाडलं त्यांनाबी रामराम घालायचाय."